बंदुकीच्या कपाटाची किल्ली घरात ठेवायची कुठे?

शिवार_जांबोटी

वडिलांच्या नावावर पीक संरक्षणाचा परवाना आहे, त्यांचं वय ६८. बंदूक १२ बोअरची, दोन नळ्यांची. इतके दिवस माजघरातल्या कपड्यांच्या कपाटात असायची. आता तिच्यासाठी वेगळं लोखंडी कपाट करून घेतलंय. पत्रा १४ गेज, उंची ५२ इंच, कुलूप सात लीव्हरचं, किल्ल्या दोन. काडतुसांना वेगळी ट्रंक आहे, तिला साधं कुलूप.

कपाट झालं, पण किल्लीचं कोडं सुटत नाही. घरात नऊ आणि चौदा वर्षांची दोन मुलं आहेत. लावणी-कापणीला गडी-बाया आत-बाहेर करतात, पाहुण्यांचा राबता असतो. देवघराचा कोनाडा, तांदळाचा डबा, वडिलांची उशी, सगळं बोलून झालं. किल्ली एखाद्या पेटीत कुलूपबंद करावी म्हटलं, तर त्या पेटीची किल्ली कुठे ठेवायची?

दुसरी अडचण म्हणजे रात्री रताळ्यात डुकरं शिरली, तर वडिलांना अंधारात दोन मिनिटांत बंदूक हातात मिळायला हवी. आणि जागा मला व आईला ठाऊक असली तर चालतं का? दुसऱ्या किल्लीचं काय करायचं? जाणकारांनी नीट सांगा.

कुलूपकाम_शहापूर

पेटीच्या किल्लीचा प्रश्न तुम्ही नेमका धरलात. किल्लीला किल्ली, तिला आणखी एक किल्ली, असं केलं तर शेवटची किल्ली उघड्यावर राहतेच. म्हणून ही साखळी एक तर डोक्यातल्या आकड्यावर संपवायची, नाही तर परवानाधारकाच्या अंगावर. तिसरा मार्ग नाही.

कोनाडा, डबा, घड्याळामागचा खिळा, फोटोची चौकट, गादीखालची फळी या जागा लपवायच्या आहेत, सुरक्षित नव्हेत. चोर त्याच आधी बघतो. मुलांना तर चोरापेक्षा जास्त वेळ असतो. आजोबा कुठल्या खोलीत जाऊन येतात आणि मग कपाट उघडतं, हे नऊ वर्षांच्या पोराला चार वेळा पाहून कळतं.

वडिलांचं वय आणि रात्रीची घाई बघता आकड्याची किल्ली-पेटी घ्या. बाजारात तीन जाती मिळतात.

पहिली बटणांची, बॅटरी नसलेली. अंधारात बोटांनी मोजून दाबता येते, लाईट गेली तरी अडत नाही. पण एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. यातल्या बऱ्याच पेट्यांत बटणं कुठल्या क्रमानं दाबली याला अर्थ नसतो, कुठली दाबली एवढंच बघितलं जातं. दहा बटणांत चार आकड्यांचा संकेत ठेवला तर १०,००० शक्यता आहेत असं वाटतं, प्रत्यक्षात असतात २१०. एका प्रयत्नाला पाच सेकंद धरले तर अठरा मिनिटांत सगळ्या तपासून होतात. पाच आकडे केले तरी २५२च. बारा बटणांची पेटी घेऊन सहा आकडे ठेवले की ९२४ होतात. घेण्याआधी तपासायचं असेल तर संकेत लावा आणि उलट्या क्रमानं दाबून बघा. उघडली तर ती याच जातीची.

दुसरी चाकांची. चार चाकं म्हणजे खरोखर १०,००० शक्यता. चूक होते ती बंद करताना. लोक शेवटचं एकच चाक एक-दोन घरं सरकवतात आणि समजतात बंद झाली. चारही चाकं फिरवली पाहिजेत. स्वस्त पेट्यांत उघडायचा खटका ताणून धरून चाक फिरवलं की खाच बोटाला लागते, तसल्या घेऊ नका. शिवाय ६८ वर्षांच्या डोळ्यांना रात्री बारीक आकडे दिसत नाहीत.

तिसरी इलेक्ट्रॉनिक, छोट्या तिजोरीसारखी. चार ते आठ आकडे, क्रम पाळावा लागतो, तीन-चार चुकांनंतर थोडा वेळ बंद पडते. तुमच्या घराला मी हीच सुचवेन, पण चार अटी पाळून. सोबत येणारी आपत्कालीन किल्ली घरात ठेवायची नाही, नाही तर फिरून तोच प्रश्न. कारखान्यातून आलेला संकेत बदलायचा, आणि मास्टर संकेत वेगळा असेल तर तोही बदलायचा. हा दुसरा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. संकेत लावून दार उघडं असतानाच पाच वेळा चालवून बघायचा, मगच आत किल्ली ठेवायची. आणि विकत घेताना दार बंद करून वरच्या पत्र्यावर मुठीनं जोरात मारत दाराची मूठ फिरवून बघायची. हलक्या मालात आतली सोलेनॉइडची (विजेच्या चुंबकाची) पिन धक्क्यानं उसळते आणि संकेताशिवाय दार उघडतं.

आकडा जन्मसालाचा, गाडीचा, सर्व्हे नंबरचा किंवा मोबाईलचे शेवटचे चार, असला नको. शून्य ते नऊ चिठ्ठ्या करा आणि डब्यातून उचला, प्रत्येक वेळी चिठ्ठी परत टाकून. आकडे दाबून झाले की बटणं कापडानं पुसा. चिखलाच्या, तेलाच्या बोटांचे ठसे चारच बटणांवर उमटलेले असले की १०,००० शक्यतांच्या २४ उरतात.

माजी_सुभेदार_बेळगाव

कुलूपवाल्यांनी सांगितलं ते बरोबर. मी परवान्याच्या बाजूनं लिहितो, कारण "आई आणि मला जागा ठाऊक असली तर चालतं का" हा प्रश्न घरगुती वाटतो, पण तो कायद्याचा आहे.

परवाना माणसाला मिळतो, घराला नव्हे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय बंदूक जवळ बाळगता येत नाही. त्यात एक सवलत आहे: परवानाधारक समोर असताना किंवा त्याच्या लेखी अधिकारानं दुसरा माणूस बंदूक नेऊ शकतो, पण दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्याच वापरासाठी. "बाबा गावाला गेलेत म्हणून मी राखणीला घेऊन गेलो" हे त्यात बसत नाही. परवान्यावर दुसऱ्या कुणाचं नाव अधिकृतपणे चढलेलं असेल तर गोष्ट वेगळी. परवान्याच्या अटी मोडल्या तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि परवाना रद्द होऊ शकतो तो वेगळाच. अर्जाच्या नमुन्यातही बंदूक ठेवायला सुरक्षित जागा आहे का, असं विचारलेलं असतं. आपण तिथं "होय" लिहून दिलेलं असतं.

तेव्हा संकेत फक्त वडिलांना ठाऊक असावा. आईला नको, तुम्हालाही नको. यात अविश्वास काही नाही. उद्या काही घडलं आणि पोलिसांनी विचारलं, तर "मला उघडताच येत नाही" हे घरातल्या प्रत्येकाला खरेपणानं सांगता आलं पाहिजे.

फौजेत कोतच्या, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीच्या, किल्लीचा हिशेब सही करून दिला-घेतला जातो. घरी सह्या नकोत, पण एक वही जरूर ठेवा. बंदुकीचा नंबर, काडतुसांची संख्या, किल्ल्या किती आणि कुठे, संकेत कधी बदलला (आकडा लिहायचा नाही, तारीख फक्त). महिन्यातून एकदा मोजून शिल्लक जुळवा. काडतूस कमी पडलेलं तीन महिन्यांनी कळण्यापेक्षा त्याच महिन्यात कळलेलं बरं.

आता दुसरी किल्ली. ती त्याच घरात ठेवू नका. शेजारी, मेव्हणे, चुलते यांच्याकडे तर अजिबात नको, कारण किल्ली देणं म्हणजे ताबा देण्यासारखं झालं. वडिलांच्या नावाचा बँक लॉकर असेल तर तिथं ठेवा. जाड पाकिटात किल्ली घाला, तोंड चिकटवून जोडावर वडिलांची सही आणि तारीख, वर पारदर्शक चिकटपट्टी. त्याच पाकिटात पेटीचा संकेत आणि तिची आपत्कालीन किल्ली. वडिलांचं काही बरंवाईट झालं तर वारसांना दार फोडावं लागू नये. पण तेव्हाही बंदूक घरात ठेवायची नाही. कलम २१ प्रमाणे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची, मग वारसाचा अर्ज. हे पाकिटावरच ठळक लिहून ठेवा, दुःखाच्या घरात कुणाला आठवत नाही.

शिवार_जांबोटी

फार मोलाचं सांगितलंत. सुभेदार साहेब, मलाही संकेत नको हे आधी खटकलं होतं, आता पटलं. इलेक्ट्रॉनिक पेटीच घेतो. पण बसवायची कशी? आमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, गिलावा चुन्याचा. कपाटाला मिस्त्रीनं चार फास्टनर ठोकले होते, त्यातले दोन आताच हलतात. पावसाळ्यात तर भिंत ओलसर असते.

लोखंडकाम_उद्यमबाग

हलणारच की. फास्टनर आत फुगून भिंतीला दाबतो, तेव्हा तो पकडतो. काँक्रीटमध्ये हे जमतं. जांभ्याला भोकंभोकं असतात, दाब आला की आतली कड चुरडते आणि फास्टनर सैल होतो. आवळत गेलात तर भोक आणखी मोठं होईल. ते चारही काढून टाका.

चिऱ्याला केमिकल अँकर वापरा, म्हणजे भोकात मसाला भरून त्यात सळई चिकटवायची. १० मि.मी. आट्याची सळई, सोबत जाळीची नळी, भोक त्या नळीच्या मापाचं, साधारण १६ मि.मी., खोली १०० मि.मी. भोक सांध्यात नको, चिऱ्याच्या मध्यावर. ड्रिलचा हातोडा बंद ठेवून नुसतं फिरवून पाडा, नाही तर आतून चिरा फुटतो. मग पंपानं फुंका, ब्रशनं घासा, पुन्हा फुंका, असं दोनदा तरी. आतली लाल पूड राहिली तर मसाला पुडीला चिकटतो, दगडाला नाही, आणि सळई दोन बोटांनी निघून येते. दहातली नऊ कामं इथंच फसतात. जाळीची नळी तळापासून भरत या, सळई फिरवत आत घाला आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ होईपर्यंत हात लावू नका. भिंत ओली असताना हे काम करायचं नाही, शिमग्यानंतर घ्या.

तोवर, किंवा त्याहून बरं म्हणजे कायमचंच, जमीन कोब्याची किंवा काँक्रीटची असेल तर कपाट खालून बांधा. काँक्रीट १०० मि.मी. जाड असेल तर १० मि.मी.चे फास्टनर तिथं छान बसतात. आरपार बोल्ट टाकून बाहेर प्लेट लावायचा सल्ला कुणी देईल. बाहेरच्या भिंतीला तसं करू नका, नट बाहेरून पान्यानं सुटतो. खोल्यांमधल्या भिंतीला चालेल, नट वेल्डिंगच्या टाक्यानं पक्का करून.

किल्ली-पेटी कपाटाच्या शेजारी बसवू नका. वेगळ्या खोलीत, वडिलांच्या झोपायच्या जागेपासून चार पावलांत, लाकडी कपाटाच्या आत, खिडकीतून दिसणार नाही अशी. छोटी तिजोरी रिकामी आठ-दहा किलोची असते, बांधली नाही तर चोर काखेत मारून नेतो आणि शेतात बसून उघडतो.

तुमचं सात लीव्हरचं कुलूप चांगलं. दोन गोष्टी तपासा. किल्लीवर नंबर कोरलेला असेल तर तो वहीत उतरवून कानशीनं घासून टाका, नंबरावरून नक्कल मागवता येते. आणि दार बंद केल्यावर कुलपाचा दांडा चौकटीत किती शिरतो ते मोजा. १२ मि.मी.पेक्षा कमी शिरत असेल तर पहारीनं दार वाकवून निसटतं. मिस्त्रीकडून आतून पट्टी लावून घ्या.

आपल्याकडे हमखास होणारी एक चूक सांगतो. कुलूप जड झालं की खोबरेल तेल सोडतात. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. जांबोटीकडे थंडीत रात्री पारा त्याच्या बराच खाली असतो. लीव्हर आत चिकटतात, माणूस जोर लावतो, किल्ली मुरडते आणि तुटते, तेही नेमकं रात्री. ग्रॅफाइटची पूड फुंका, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. आधी तेल घातलेलं असेल तर कुलूप काढून रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, मग ग्रॅफाइट. तेलावर पूड टाकली तर नुसती काजळी होते.

निपाणीकर_ऊस

एवढ्या पेट्या कशाला? आमच्या भागात जुनी माणसं किल्ली करदोट्यालाच बांधतात. अंगावरची किल्ली कोण काढणार?

कुलूपकाम_शहापूर

करदोट्याची रीत वाईट नाही दादा, साखळी अंगावर संपते म्हणजे तत्त्वाला धरूनच आहे. अडचण किल्लीच्या आकाराची. सात लीव्हरची किल्ली हाताच्या करंगळीएवढी, झोपेत टोचते. मग ती "आजच्या दिवस" खुंटीला जाते, आंघोळीला जाताना दगडावर राहते, आणि रेशमी दोरा घामानं कुजून वाफ्यात कधी तुटला ते कळतही नाही. एखाद्याला तीच पद्धत ठेवायची असेल तर जाड सुती गोफ, त्यात पोलादी कडी, आणि दर अमावास्येला गोफ तपासायचा. गावात नसताना किल्ली सोबत न्यायची. गाढ झोप लागणाऱ्यानं, किंवा रोज संध्याकाळी घेणाऱ्यानं हा मार्ग धरू नये. झोपलेल्या माणसाच्या अंगावरून किल्ली काढणं अवघड नसतं.

काडतुसांच्या ट्रंकेची किल्ली मात्र त्याच कडीत अडकवू नका. बंदूक आणि काडतूस वेगळं ठेवण्याचा सगळा अर्थ एका कडीनं जातो. ट्रंकेला आकड्याचं कुलूप लावा, संकेत पेटीपेक्षा वेगळा.

परिचारिका_येळ्ळूर

सगळ्यांनी चोर आणि मुलांचा विचार केला. मला तिसरी बाजू मांडायची आहे, कारण ती कुणी बोलत नाही.

घरात कुणी फार खचलेलं असेल, कर्जाचा घोर लागलेला असेल, परीक्षेत किंवा लग्नात काही बिनसलेलं असेल, "मी नसलो तरी काय" अशी भाषा येत असेल, तर त्या काळात पेटी, संकेत, सात लीव्हर यांवर विसंबू नका. बंदूक घराबाहेर काढा. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात पावती घेऊन ठेवता येते, बोलणी करून वेळ निभावून नेता येते. तसा विचार मनात येतो तो बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो, आणि तेवढा वेळ हाताशी बंदूक नसणं यानं जीव वाचतो. खचलेली व्यक्ती स्वतः परवानाधारकच असेल तर घरच्यांनी प्रेमानं पण स्पष्ट बोलावं आणि डॉक्टरांना गाठावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो.

दुसरं, वडिलांचं वय. चांगले असतील, पण विसर पडायला लागला की आधी आकडे जातात, आणि मग माणूस संकेत भिंतीवर किंवा कॅलेंडरवर लिहितो. दर महिन्याला वही जुळवताना तुम्ही खोलीबाहेर उभे राहून वेळ बघा. त्यांना दार उघडायला दोनदा-तीनदा चुकायला लागलं, महिन्यामागून महिना तसंच होत असेल, तर किल्लीच्या नव्हे, परवान्याच्या फेरविचाराची वेळ आली असं समजा.

शिवार_जांबोटी

ताई, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. वडिलांना वाचून दाखवलं, त्यांनी मान डोलावली.

आता ठरलं ते असं: कपाट कोब्याला बांधायचं, पेटी वडिलांच्या खोलीत शिसवी कपाटाच्या आत, सहा आकडे चिठ्ठ्या काढून, दुसरी किल्ली खानापूरच्या लॉकरमध्ये. शेवटचे दोन प्रश्न. पेटीची बॅटरी नेमकी रात्री संपली तर? आणि किल्ली हरवलीच तर पहिलं काय करायचं?

कुलूपकाम_शहापूर

बॅटरी: चार अल्कलाईन सेल, दर वर्षी मृगाआधी बदला, जुने चालू असले तरी. साधे स्वस्त सेल दमट हवेत पाझरतात आणि पट्ट्या हिरव्या पडतात. सेल काढले तरी संकेत बहुतेक पेट्यांत पुसला जात नाही, पण तुमच्या पेटीत तसंच आहे का ते दार उघडं ठेवून एकदा तपासा. बाहेरून बॅटरी लावायची सोय असलेली पेटी मिळाली तर उत्तम, मग लॉकरपर्यंत धावावं लागत नाही.

किल्ली हरवली तर आधी लॉकरमधली आणून कपाट उघडा, बंदूक आणि काडतुसं वहीशी जुळवा. काही कमी असेल तर त्याच घटकेला पोलीस ठाणं, उद्यावर टाकायचं नाही. सगळं जागेवर असेल तरी कुलूप त्याच दिवशी बदला. "सापडेल कुठंतरी" म्हणून महिना काढू नका, आणि जुनी नंतर सापडली तरी ते कुलूप परत बसवू नका. लॉकर सुट्टीमुळे बंद असेल तर तेवढे दिवस वडिलांनी घर सोडायचं नाही.

लोखंडकाम_उद्यमबाग

यात एक भर. दोन्ही किल्ल्या गेल्या आणि कपाट फोडायची वेळ आली तर गॅस कटर किंवा ग्राइंडर लावू देऊ नका. आत काडतुसं असतील, किंवा कुणाकडे ठासणीची बंदूक असून दारूची डबी त्याच कपाटात असेल, तर ठिणगी पुरे. कुलपाच्या जागी संथ ड्रिल, टोकावर तेल, थांबत थांबत, आणि वडील समोर उभे. दार उघडल्यावर बंदूक वडिलांनीच बाहेर काढायची, कारागिरानं नाही.

माजी_सुभेदार_बेळगाव

निवडणूक आली की बंदुका जमा करायचा हुकूम निघतो, तेव्हा कपाट आठवडे-महिने रिकामं असतं. संकेत बदलणं, कुलूप धुणं, सेल, अँकर आवळून बघणं, सगळं त्याच काळात उरका. आणि जमा केल्याची पावती किल्ली-पेटीत ठेवा. बंदूक परत आणायला जाताना तीच आधी शोधावी लागते.

आणखी एक, तुमची थोडी जमीन चंदगडच्या बाजूला असेल तर किल्ली फिरवण्याआधी परवान्यावरचं क्षेत्र वाचा. शिवार एकच असलं तरी मधून राज्याची हद्द जाते.

शिवार_जांबोटी

आहे ओ, दोन एकर पलीकडेच आहे. उद्या परवाना काढून वाचतो.